पुण्यात शिकून गेम प्रोग्रामर व्हायचंय? कॉलेजची वर्षं अशी वापरा

बारावीची सीईटी संपली आणि कॅप राउंडचे पसंतीक्रम भरायची वेळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "गेमिंगचा कोर्स करू, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग?" विचारणारा मुलगा किंवा मुलगी गेमवेडी असते, आई-बाबा शेजारी काळजीत बसलेले असतात आणि टेबलावर कुठल्या तरी इन्स्टिट्यूटचं चकचकीत माहितीपत्रक असतं. हा लेख त्या टेबलासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रोग्रामर व्हायचं असेल तर साधी, भक्कम कॉम्प्युटरची डिग्री घ्या आणि गेम तिच्या जोडीने शिका. कॉलेज तुम्हाला गेम बनवायला शिकवणार नाही. पण गेम बनवताना जिथे बाकीचे अडकतात, तिथून पुढे जायला लागणारं बरंचसं ज्ञान तेच देतं. मात्र "हे परीक्षेपुरतं" म्हणून बाजूला टाकायचं नाही.

आधी ठरवा: नक्की कोणतं काम?

"गेम डेव्हलपर" या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे पेशे येतात. नियम, लेव्हल आणि खेळाचा तोल ठरवतो तो डिझायनर. पात्रं आणि दृश्यं बनवतो तो आर्टिस्ट. चुका हुडकतो तो क्यूए टेस्टर. या सगळ्यांचं म्हणणं कोडमध्ये उतरवून ते फोनवर किंवा कन्सोलवर न अडखळता चालवून दाखवतो तो प्रोग्रामर. चित्रकलेत जीव असेल आणि गणिताने पोटात गोळा येत असेल, तर पुढचं वाचण्याआधी थांबा. तुमचा रस्ता आर्टचा असू शकतो आणि त्याची तयारी वेगळी.

प्रोग्रामरमध्येही पोटप्रकार आहेत. उडी, गोळीबार, शत्रूची अक्कल हे गेमप्लेवाल्याचं काम. सावल्या, प्रकाश, शेडर (रंग-प्रकाशाचा हिशेब करणारे छोटे प्रोग्राम) हे ग्राफिक्सवाल्याचं. एकाच सामन्यातले सगळे खेळाडू एकमेकांना नीट दिसावेत, हे नेटवर्कवाल्याचं. डिझायनरला लेव्हल बनवायला सोपं जावं म्हणून आतली अवजारं बनवणारा टूल्स प्रोग्रामर असतो. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, पण स्टुडिओत सगळे त्याला धरून असतात. पहिल्या दिवशी यातलं काही निवडायची गरज नाही, फक्त एवढे दरवाजे आहेत हे माहीत असू द्या.

पुण्याचं म्हणाल तर इथे तीन वेगवेगळ्या तऱ्हेचं काम झालेलं आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे. तिथलं काम म्हणजे जगभरच्या टीमबरोबर मोठ्या गेमचा एक भाग सांभाळणं. सुपरगेमिंग ही पुण्यातली कंपनी मोबाइलवरचे मल्टिप्लेअर गेम करते. 'इंडस' हा त्यांचा बॅटल रॉयल २०२४ मध्ये आला. आणि नॉडिंग हेड्स या छोट्या टीमने 'राजी' हा गेम अनरियल इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम बनवायची तयार चौकट) करून २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध केला. मोठी कंपनी, मोबाइलची कंपनी, मूठभर माणसांची टीम: तिन्हीकडे प्रोग्रामर लागतो, पण तिन्हीकडचा दिवस वेगळा असतो.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. रमी-पोकर-फँटसी छापाच्या कंपन्या तोवर प्रोग्रामर भरपूर घेत होत्या. जुने व्हिडिओ बघून त्या पगारांचे आकडे डोक्यात ठेवले असतील, तर ते काढून टाका.

डिग्री निवडताना

सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स यांपैकी कुठे कॉम्प्युटर किंवा आयटी मिळालं तर दुसरा विचार करू नका. नाही मिळालं तरी आभाळ कोसळत नाही. फर्ग्युसन किंवा मॉडर्नसारख्या कॉलेजातलं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा अतिशय चांगला पर्याय आहे. तिथे तीन वर्षांत प्रोग्रामिंग पुरेसं होतं आणि फी इंजिनिअरिंगपेक्षा बरीच कमी असते. बीसीए करणार असाल तर २०२४ पासून त्यालाही सीईटी लागते, ती तारीख चुकवू नका. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यांचा कोडिंगचा हात बारावीवाल्यांपेक्षा आधी बसलेला असतो, गणित मात्र कच्चं राहतं. सुट्टीत ते भरून काढा.

आता ते चकचकीत माहितीपत्रक. खासगी इन्स्टिट्यूटमध्ये सगळं वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण फी भरण्याआधी काउन्सेलरला चार गोष्टी विचारा. ही डिग्री कुठल्या विद्यापीठाची आणि तिला यूजीसीची मान्यता आहे का? सी प्लस प्लस आणि गणिताला किती तास आहेत? शिकवणाऱ्याने स्वतः कुठला गेम पूर्ण करून बाजारात आणलाय? आणि मागच्या बॅचच्या मुलांनी केलेले गेम मला आत्ता इथे खेळायला मिळतील का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी चहा मागवला जातो. चहा घ्या आणि उठा.

पहिलं वर्ष: इंजिनला हात लावू नका

हे ऐकून नाक मुरडाल, पण पहिले काही महिने युनिटी-अनरियलसारखी इंजिनं उघडू नका. एक भाषा धरा, शक्यतो सी प्लस प्लस. मोठ्या स्टुडिओंची स्वतःची इंजिनं त्याच भाषेत असतात, अनरियलही तीच वापरतं, आणि पॉइंटर-मेमरी एकदा डोक्यात बसली की सी शार्प पंधरवड्यात जमतं. उलटा प्रवास जास्त दमवतो.

सोबत रेलिबसारखी छोटी, फुकट लायब्ररी घ्या. ती तुम्हाला खिडकी उघडून देते, चौकोन काढून देते, कोणती की दाबली ते सांगते. बाकी सगळं तुम्ही लिहायचं. पाँग बनवा. मग विटा फोडायचा गेम बनवा. मग साप. तिन्ही पूर्ण करा: सुरुवातीचा पडदा, गुण, हरल्यावर पुन्हा खेळायची सोय, आवाज. "गेम ओव्हर"नंतर पुन्हा सुरू करताना जुने आकडे शिल्लक राहतात आणि दुसरा डाव विचित्र चालतो, हे जिथे कळतं तिथेच प्रोग्रामची स्थिती सांभाळणं म्हणजे काय ते खरं कळतं.

इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पहिल्या पेपरात, म्हणजे एम-वनमध्ये, मॅट्रिक्स येतात. युनिटपुरते पाठ करून सोडून देऊ नका. पडद्यावर एखादी गोष्ट फिरवणं, मोठी करणं, सरकवणं हे सगळं मॅट्रिक्सच्या गुणाकाराने होतं आणि गुणाकाराचा क्रम बदलला की गोष्ट भलतीकडे जाऊन पडते.

लॅपटॉपबद्दल: पहिल्या वर्षी महागडा गेमिंग लॅपटॉप लागत नाही. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं साधं मशिन पुरतं. तिसऱ्या वर्षी अनरियल गंभीरपणे करायचं ठरलं की ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. हॉस्टेलऐवजी घरी राहत असाल तर डेस्कटॉप जोडून घेणं स्वस्त पडतं. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एक शनिवार घालवा, दोन-तीन दुकानांत भाव काढा आणि बिल पक्कंच घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

दुसरं वर्ष: इथेच पाया घातला जातो

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय होता: रेषा काढायचे अल्गोरिदम, क्लिपिंग, टू-डी आणि थ्री-डी ट्रान्सफॉर्मेशन. ऑटोनॉमस कॉलेजांत नाव आणि सेमिस्टर वेगळं असेल, मजकूर साधारण हाच. सिनिअरची जर्नल समोर ठेवून प्रॅक्टिकल उतरवायची जी थोर परंपरा आहे, ती निदान या एका विषयात मोडा. ब्रेझनहॅमचा रेषा काढायचा अल्गोरिदम स्वतःच्या हाताने एकदा लिहा. दशांश टाळून फक्त पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर पुढचा ठिपका कुठे टाकायचा हे तो कसं ठरवतो, हे समजलं की कमी खर्चात काम उरकायची गेमवाल्यांची सवय कुठून येते ते कळतं.

डेटा स्ट्रक्चर तर नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत येणारच. पण सगळ्यात जास्त वेळ व्हेक्टरला द्या. कारण एका छोट्या उदाहरणात सांगतो, आणि हा प्रश्न मुलाखतीत खरोखर विचारला जातो: "पहारेकऱ्याला समोरचा खेळाडू दिसतो की नाही, हे कोडमध्ये कसं ठरवाल?"

पहारेकऱ्याचं तोंड ज्या दिशेला आहे तो एक व्हेक्टर. पहारेकऱ्यापासून खेळाडूकडे जाणारा दुसरा. दोघांची लांबी एक करून घ्या आणि डॉट प्रॉडक्ट काढा. उत्तर एक आलं तर खेळाडू नाकासमोर, शून्य आलं तर बरोबर बाजूला, उणे आलं तर पाठीमागे. पहारेकऱ्याची नजर एकूण १२० अंशांत फिरते असं मानलं, तर मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ६० अंश. ६० चा कोसाइन ०.५. म्हणजे डॉट प्रॉडक्ट ०.५ पेक्षा जास्त असेल तरच खेळाडू नजरेच्या टप्प्यात. बारावीत पाठ केलेलं कोष्टक इथे कामाला आलं.

उमेदवार एवढं सांगून थांबला तर समोरचा विचारतो: "आणि अंतर?" अंतर काढायला वर्गमूळ लागतं. पण अंतर दहापेक्षा कमी आहे का एवढंच बघायचं असेल तर वर्गमूळ कशाला? अंतराचा वर्ग शंभरपेक्षा कमी आहे का ते बघा. म्हणून ही तपासणी आधी, लांबचे खेळाडू तिथेच गळतात. शेवटी मध्ये भिंत आहे का, हे बघायला एक किरण सोडायचा. तो सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात शेवटी. उत्तरातला हा क्रम ऐकला की मुलाखत घेणारा खुर्चीत जरा पुढे सरकतो.

इंजिन: एकच धरा

युनिटीत सी शार्प चालतं, मोबाइलच्या कामाला ते सर्रास वापरलं जातं. अनरियलमध्ये सी प्लस प्लस आणि ब्लूप्रिंट (कोड न लिहिता ठोकळे जोडून प्रोग्रामिंग करायची सोय). मोठ्या, देखण्या थ्री-डी कामासाठी. गोडो पूर्ण मुक्त आणि फुकट आहे, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. विद्यार्थ्याला तिन्ही बिनपैशात मिळतात. अनरियल एका गेमने दहा लाख डॉलर कमावल्यानंतर पाच टक्के मागतं, तेव्हा सध्या झोप उडवायचं कारण नाही. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायची योजना जाहीर केली, जगभर बोंब झाली आणि वर्षभराने ती मागे घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवायची ती एवढ्यासाठी की इंजिन कोणाचंही असलं तरी त्याखालचं ज्ञान तुमचं हवं.

मोबाइलकडे जायचं असेल तर युनिटी, युबिसॉफ्टसारख्या ठिकाणी डोळा असेल तर सी प्लस प्लससाठी अनरियल. दर सहा महिन्यांनी इंजिन बदलणारी मुलं चौथ्या वर्षी तीन इंजिनांत नवशिकी असतात.

इंजिनमध्ये आल्यावर पहिली चूक जवळपास सगळे एकच करतात. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर काढल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राला, पात्र पाच पिक्सेल पुढे सरकवायचं, असं लिहितात. कॉलेजच्या लॅबमधल्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या) मॉनिटरवर ते सेकंदाला ३०० पिक्सेल जातं, सगळं झकास. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या लॅपटॉपवर तेच पात्र ७२० पिक्सेल पळतं आणि भिंतीत घुसतं. उपाय सोपा: वेग सेकंदाला मोजा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणा. पण एवढ्यावर भागत नाही. उडी आणि गुरुत्वाकर्षण या वेळेने गुणूनही वेगवेगळ्या मशिनवर उडीची उंची किंचित कमी-जास्त येते, कारण प्रत्येक पायरीला वेग बदलतो आणि पायऱ्यांची संख्या सारखी नसते. म्हणून भौतिकाचं गणित ठरावीक पावलांनी चालवतात. युनिटीत ते मुळात दर ०.०२ सेकंदाने, म्हणजे सेकंदाला पन्नासदा होतं.

दुसरं शिक्षण स्वस्त फोनवर होतं. सेकंदाला साठ फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला मिळतात १६.६७ मिलिसेकंद. त्यातच सगळं: इनपुट, शत्रूंची अक्कल, भौतिक, चित्र काढणं. लॅपटॉपवर लोण्यासारखा चालणारा गेम घरातल्या कुणाच्या तरी चार वर्षं जुन्या अँड्रॉइडवर टाका. गोळीबार सुरू झाला की मध्येच हिसका बसेल. प्रोफायलर (कोणत्या कामात किती वेळ गेला ते दाखवणारं अवजार) जोडून बघितलं तर कळतं की प्रत्येक गोळी नव्याने तयार होते, आदळली की नष्ट होते, आणि हा कचरा साठला की मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर जागा होऊन काही मिलिसेकंद खाऊन टाकतो. मग शंभर गोळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि त्याच फिरवून वापरायच्या. आधीचा आणि नंतरचा प्रोफायलरचा आलेख जपून ठेवा. पोर्टफोलिओत तो दहा सर्टिफिकेटांना भारी पडतो.

एकट्याने करू नका

चित्रं स्वतः काढत बसू नका, तुमचा जन्म त्यासाठी नाही. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, लोणी काळभोरला एमआयटीचं डिझाइन कॉलेज आहे. तिथल्या मुलांनाही त्यांच्या पोर्टफोलिओसाठी चालता-बोलता गेम हवाच असतो. मात्र "तू चित्रं काढ, पैसे आले की बघू" असलं मोघम बोलणं नको. कोण काय करणार, नाव कुठे येणार, हे आधीच एका पानावर लिहून घ्या.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं अवजार, दुसऱ्या वर्षातच शिका. "फायनल_नवीन_खरंच_फायनल" नावाचे फोल्डर पेनड्राइव्हवरून फिरवणारी टीम सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास रडते. मोठ्या चित्रांच्या आणि मॉडेलच्या फाइलींसाठी त्याची गिट एलएफएस ही जोड लागते. मोठ्या स्टुडिओंत याच कामासाठी पर्फोर्स वापरतात, ते तिथे गेल्यावर शिकता येतं.

आणि जॅममध्ये उतरा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीच्या अखेरीस होतो, ल्यूडम डेअर तर २००२ पासून चालू आहे. दोन दिवसांत एक छोटा गेम पूर्ण करायचा. झोप कमी, वडापाव जास्त. यातून गेम फारसा चांगला निघत नाही, पण कल्पना कापायची कशी ते कळतं. शनिवारी सकाळी ठरवलेल्या दहा गोष्टींपैकी रविवारी दुपारी तीनच उरतात, आणि त्या तीनच मुळात हव्या होत्या.

शेवटची दोन वर्षं: प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि घरचे

बीई प्रोजेक्ट फुकट घालवू नका. फेस रेकग्निशनने हजेरी आणि स्मार्ट पार्किंग यांचा पुण्यात आता कोटा संपलाय. गाइड "गेम" हा शब्द ऐकून तोंड वाकडं करतील, म्हणून विषय तांत्रिक भाषेत मांडा. उदाहरणार्थ, पेठांतल्या वन-वे आणि बोळांच्या नकाशावर पाचशे पात्रं एकाच वेळी चालवायची. प्रत्येकासाठी ए-स्टारने (जवळचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम) वेगळा रस्ता काढायचा, की सगळ्यांसाठी मिळून एकच फ्लो फील्ड (कुठल्या जागेवरून कोणत्या दिशेला वळायचं ते सांगणारा नकाशा) बनवायचं? किती पात्रांनंतर कोणतं स्वस्त पडतं ते मोजायचं. ए-स्टार १९६८ चा अल्गोरिदम आहे, संदर्भ भरपूर मिळतात, गाइड खूश. आणि तुमच्या हातात गेमच्या कंपनीला दाखवण्यासारखं काम उरतं.

पोर्टफोलिओत तीन गोष्टी पुरतात: एक छोटा पण पूर्ण गेम, एक टीमने केलेला, एक तांत्रिक डेमो. इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर, ब्राउझरमध्ये थेट खेळता येईल असं ठेवा. झिप डाउनलोड करून चालवायला कुणाला वेळ नसतो. सोबत मिनिटभराचा व्हिडिओ आणि टीमच्या कामात तुम्ही नेमकं काय लिहिलं, हे दोन ओळींत. ट्युटोरियल बघून केलेला गेम ठेवायचा मोह टाळा. तोच झोंबी, तीच बंदूक मुलाखत घेणाऱ्याने त्याच आठवड्यात चौथ्यांदा पाहिलेली असते.

गेम स्टुडिओ कॅम्पसवर क्वचितच येतात. कंपनीच्या करिअर पानावर, लिंक्डइनवर स्वतः अर्ज करावे लागतात. इंटर्नशिपसाठी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासूनच सुरुवात करा. गेम बनवणाऱ्यांची देशातली मोठी परिषद, आयजीडीसी, अनेक वर्षं हैदराबादला भरत आली. एकदा तरी जाऊन या. तिथे कार्ड वाटत फिरण्यापेक्षा फोनवर आपला गेम उघडून समोरच्याच्या हातात द्या.

मग सातव्या सेमिस्टरला मास रिक्रूटर, म्हणजे घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्या, येतात आणि घरात चर्चा सुरू होते. ती ऑफर घेऊन ठेवा, असंच मी सांगेन. रुजू होण्याची तारीख बहुतेक महिने लांब असते, तेवढ्यात गेमच्या मुलाखती देता येतात. आणि नाहीच जमलं तर बॅकएंडचं वर्ष-दोन वर्षांचं काम मल्टिप्लेअर कंपन्यांना चालतं. सर्व्हर त्यांनाही सांभाळावेच लागतात. क्यूएमधून प्रोग्रामिंगला जाणारेही आहेत, पण आपोआप कुणी नेत नाही. तिथे असताना रोज संध्याकाळी कोड लिहीत राहिलात तरच.

घरच्यांना एक गोष्ट खरी सांगून ठेवा: या धंद्यात प्रोजेक्ट बंद पडतात आणि हलतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई टीमकडे होता, २०२२ मध्ये तो माँट्रियलला गेला. असं कुठेही होऊ शकतं आणि त्यात प्रोग्रामरचा दोष असेलच असं नाही. पहिल्या नोकरीपासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा.

ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याबरोबर तीन कलमं वाचा. नोटिस पिरियड किती. बाँड आहे का आणि तो मोडला तर किती रक्कम. आणि नोकरीत असताना स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेल्या गेमची मालकी कोणाची. अनेक करारांत ती कंपनीकडे जाते. कॉलेजात केलेला एखादा गेम पुढे चालवायचा असेल, तर सही करण्याआधी एचआरला मेल टाकून तो कंपनीच्या मालकीतून वगळून घ्या, आणि त्यांचं उत्तर लेखीच मागा.